क्रूगरला स्वतः गाडी चालवत सफारी : कॅम्प बुकिंगपासून परतीच्या गेटपर्यंत सगळं

आम्ही नागपूरकर, त्यामुळे जंगल म्हणजे ताडोबा आणि पेंच हेच डोक्यात. जिप्सी बुक करायची, गाईड घ्यायचा, साडेतीन-चार तास फिरायचं आणि वेळ संपली की बाहेर. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कला पहिल्यांदा गेलो तेव्हा हे सगळं उलटं निघालं, कारण तिथं तुम्ही स्वतःची भाड्याची साधी कार घेऊन आत जाऊ शकता, दिवसभर हवं तिथं थांबू शकता आणि रात्री जंगलातच कुंपण घातलेल्या कॅम्पमध्ये राहू शकता. आम्ही दोनदा जाऊन आलो, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा नोव्हेंबरमध्ये, नवरा, मी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले सासरे. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात की कसं ठरवलं, किती दिवस, टूर कंपनी कुठली, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आधी आकार समजून घ्या, कारण सगळ्या चुका तिथूनच होतात. क्रूगर आहे १९,४८५ चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी कोअर आणि बफर धरून साधारण १,७२७, म्हणजे अकरा ताडोबा एकात. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. आत स्पीड लिमिट डांबरी रस्त्यावर ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४०, पण प्रत्यक्षात थांबत थांबत तासाला २०-२५ किलोमीटरच होतात. आम्ही पहिल्या वेळी पाच रात्रींत चार कॅम्प ठेवले होते, नकाशावर छान दिसत होतं, पण रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि गेट बंद व्हायच्या आत पुढच्या कॅम्पला पोचायचं या धावपळीत सिंहीण पिल्लांना घेऊन रस्त्याकडेला झोपलेली असताना तिथून निघावं लागलं. ते अजून मनात सलतं. म्हणून माझा एकच आग्रह आहे, कॅम्प कमी ठेवा आणि शक्यतो एका ठिकाणी किमान दोन रात्री, जमलं तर तीन.

पहिलं काम, महिना ठरवणं

मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा. गवत वाळलेलं, झाडं उघडी, पाणी मोजक्याच ठिकाणी, त्यामुळे प्राणी पाणवठ्यावर येतात आणि दिसतातही. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्ट-सप्टेंबर धरावा असं माझं मत. पण पहाटे थंडी चांगलीच असते, जॅकेट आणि कानटोपी लागतेच, "आफ्रिका आहे, गरम असेल" म्हणून कोणी फक्त टीशर्ट घेऊन जाऊ नका. नोव्हेंबरपासून पाऊस, उकाडा कधी चाळिशीपर्यंत, सगळं हिरवंगार, त्यामुळे प्राणी शोधायला कठीण. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पाला हरणांची पिल्लं जन्मतात आणि पक्ष्यांसाठी तर हाच काळ, स्थलांतर करून आलेले पक्षी सगळे हजर असतात. क्रूगरमध्ये पाचशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत, आमचे सासरे पक्ष्यांचे शौकीन, त्यांना नोव्हेंबरची ट्रिपच जास्त आवडली. जोराचा पाऊस झाला तर मातीचे रस्ते आणि नदीवरचे बुटके पूल बंद होतात एवढं लक्षात ठेवा. तिथल्या शाळांच्या सुट्ट्या, म्हणजे जून-जुलैतल्या आणि डिसेंबरच्या, शक्यतो टाळा, फार गर्दी असते.

दुसरं काम कॅम्प बुकिंग, आणि हे विमान तिकिटाच्या आधी

पार्क सांभाळते ती सरकारी संस्था सॅनपार्क्स, आणि बुकिंग थेट त्यांच्या वेबसाइटवर होतं, मध्ये एजंट लागत नाही. साधारण ११ महिने आधी बुकिंग उघडतं आणि चांगल्या कॅम्पमधल्या नदीकाठच्या खोल्या फार लवकर जातात. उशीर झाला असला तरी रोज बघत राहा, लोक कॅन्सल करतात आणि मधूनच जागा दिसते, आम्हाला लोअर साबी कॅम्प असाच मिळाला. कॅन्सलेशनचे नियम मात्र पैसे भरायच्या आधी वाचा.

कॅम्पमध्ये तंबूपासून कॉटेजपर्यंत सगळं असतं. आपल्या लोकांसाठी बंगलो सोयीचा, गोल झोपडीसारखी खोली, स्वतःचं बाथरूम, एसी, फ्रिज आणि बहुतेक ठिकाणी व्हरांड्यात छोटं किचन. बुक करताना किचन आहे का आणि भांडी आहेत का हे वाचून घ्या, काही स्वस्त हटमध्ये दोन्ही कॉमन असतात.

कुठला कॅम्प? दक्षिण भागात पाऊस जास्त, नद्या जास्त, प्राणी दाट आणि गाड्याही दाट. मधला भाग सतारा कॅम्पच्या आजूबाजूचा, काळ्या बसाल्टच्या जमिनीवरचं सपाट गवताळ रान, गवत गोड म्हणून झेब्रे आणि विल्डबीस्ट भरपूर आणि म्हणून सिंहही. ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपानी झुडपांचं राज्य, हत्ती खूप, बाकी प्राणी विरळ, पण शांतता अशी की तासभर दुसरी गाडी दिसत नाही. पहिल्या ट्रिपला दक्षिण आणि मध्य एवढंच धरा. अगदी उत्तरेचं पाफुरी मी अजून पाहिलेलं नाही, पण तिथला इतिहास जाणून घ्यावा असा आहे. १९६९ मध्ये माकुलेके लोकांना तिथून जबरदस्तीने हलवून ती जमीन पार्कला जोडली होती आणि वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९८ मध्ये ती जमीन त्यांना कायद्याने परत मिळाली, त्यांनी तिथं जंगलच ठेवलं. पार्कचा सगळ्यात मोठा कॅम्प स्कुकुझा, हे नावसुद्धा स्थानिक त्सोंगा लोकांनी पहिले वॉर्डन स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना दिलेलं, अर्थ साधारण "सगळं झाडून साफ करणारा", कारण त्यांनी तिथल्या वस्त्या हलवल्या. १९२६ साली हे नॅशनल पार्क झालं आणि १९२७ मध्ये पहिल्या तीन मोटारी आत आल्या, तेव्हापासून लोक स्वतःची गाडी घेऊनच येतायत.

आमचा दुसऱ्या वेळचा आराखडा असा होता आणि तो जसाच्या तसा वापरला तरी चालेल. क्रोकोडाइल ब्रिज गेटने आत, लोअर साबीला दोन रात्री, स्कुकुझाला एक, सताराला तीन, शेवटची एक ओलिफंट्सला. एकूण सात. लोअर साबी ते स्कुकुझा ४६ किलोमीटर आहे आणि त्याला आमची अख्खी सकाळ गेली. स्कुकुझा ते सतारा ९० च्या वर, त्याला पूर्ण दिवस धरा.

पैसे

खोलीशिवाय माणशी रोजची कन्झर्वेशन फी असते, आणि परदेशी पाहुण्यांना ती स्थानिकांपेक्षा बरीच जास्त, हिशोबात ही धरायला लोक विसरतात. दर दरवर्षी नोव्हेंबरपासून बदलतात म्हणून आकडा वेबसाइटवर बघा. आठवड्याभराच्या वर राहणार असाल, किंवा दुसरे पार्कही करणार असाल, तर वाइल्ड कार्ड नावाचा वर्षभराचा पास मिळतो, कुटुंबाचाही असतो, त्याची किंमत आणि रोजची फी गुणिले दिवस गुणिले माणसं हा गुणाकार करून बघा. आमचे हजारो रुपये वाचले. चौघांत मिळून कार आणि बंगलो घेतला तर एकूण खर्च ग्रुप टूरपेक्षा कमी येतो, दिवस मात्र दुप्पट मिळतात.

पार्कच्या पश्चिमेला साबी सँड, तिंबावाती अशी खाजगी रिझर्व्ह आहेत, मध्ये कुंपण नाही, प्राणी तेच. तिथं गाईड गाडी रस्ता सोडून रानात घालतो आणि बिबट्या अगदी जवळून दिसतो, पण एका रात्रीच्या पैशात क्रूगरचा आठवडा निघतो. हनिमून वगैरे असेल तर शेवटच्या दोन रात्री करा, नाहीतर काही गरज नाही.

व्हिसा, लस, गोळ्या

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी लागतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत. हातात दोन महिने ठेवा. पासपोर्टमध्ये कोरी पानं किमान दोन असू द्या. लहान मुलं बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला घ्या, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र, याबद्दल ते लोक कडक आहेत.

यलो फिव्हरचा मुद्दा नीट वाचा. दक्षिण आफ्रिका स्वतः या रोगाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण मुंबईहून बरीच स्वस्त तिकिटं अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात आणि इथिओपिया, केनिया हे दोन्ही देश यादीत आहेत. तिथं १२ तासांपेक्षा जास्त ट्रान्झिट झाला तर दक्षिण आफ्रिका लसीचं सर्टिफिकेट मागते, आणि परत येताना आपल्याकडचे आरोग्य अधिकारीही विचारू शकतात, नसेल तर क्वारंटाइनपर्यंत वेळ येऊ शकते. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी अधिकृत सेंटरवरच घ्यायची, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ज्येष्ठांना ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, म्हणून सासऱ्यांसाठी आम्ही थोडे जास्त पैसे देऊन दुबईवरूनच तिकीट काढलं.

मलेरिया क्रूगरमध्ये आहे. पावसाळी महिन्यांत धोका जास्त, हिवाळ्यात कमी पण शून्य नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, त्या जायच्या आधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात, मधेच सोडू नका. संध्याकाळी फुल बाह्या आणि मच्छर क्रीम. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचं आधी सांगा.

गाडी

तिथंही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे दहा मिनिटांत हात बसतो. लायसन्सवर इंग्रजी असतं, तरी आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढून न्या. आणि क्रेडिट कार्ड जो चालवणार त्याच्याच नावाचं लागतं. आमचं कार्ड माझ्या नावाचं आणि बुकिंग नवऱ्याच्या, एअरपोर्टच्या काउंटरवर दीड तास गेला, शेवटी मुख्य ड्रायव्हर म्हणून माझं नाव टाकून घेतलं. फोर व्हील ड्राइव्हची गरज नाही, सगळे मुख्य रस्ते साध्या कारने होतात, पण थोडी उंच गाडी घेतली तर गवतापलीकडचं दिसतं, तेवढा फरक मोठा आहे.

जोहान्सबर्गहून एन४ हायवेने म्बोम्बेला, ज्याला जुने लोक नेलस्प्रुइट म्हणतात, आणि तिथून गेट, एकूण पाच तास. रात्री अजिबात चालवू नका. विमान दुपारनंतर उतरत असेल तर एअरपोर्टजवळच झोपा आणि पहाटे निघा. नुंबी गेटच्या रस्त्यावर २०२२ मध्ये पर्यटकांवर हल्ला होऊन एकाचा जीव गेला होता, मॅप तो रस्ता दाखवत असला तरी मलेलाने किंवा क्रोकोडाइल ब्रिज गेट घ्या. एवढं ड्रायव्हिंग नको असेल तर जोहान्सबर्गहून थेट स्कुकुझाला विमान आहे, पार्कच्या आतच उतरतं.

खाणं

शाकाहारी लोकांना सगळ्यात जास्त काळजी याची, आणि खरं तर इथं ती सगळ्यात कमी करावी. किचनवाला बंगलो असला की झालं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनकडे भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यामुळे तांदूळ, डाळी, मसाले मोठ्या सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात, म्बोम्बेलाला गाडी थांबवून आठवड्याचं सामान भरा, आतल्या दुकानात निवड कमी आणि भाव जास्त. घरून आम्ही भाजलेला रवा, पोहे, मेतकूट, थेपले आणि गोडा मसाला नेला. ताजी फळं, बिया, मांस असलं काही नेऊ नका.

पिकनिक स्पॉटवर स्कॉटल भाड्याने मिळतो, गॅसवरची मोठी पसरट कढई. तिथले लोक त्यावर अंडी आणि बेकन करतात, आम्ही त्शोक्वाने आणि न्कुह्लूला त्यावर कांदेपोहे केले, शेजारच्या टेबलावरच्या आजींनी चव घेऊन मोहरी तडतडण्याबद्दल विचारलं. माकडांवर लक्ष ठेवा, टेबलावरून डबा उचलून नेतात. कॅम्पमध्येही तसंच, फ्रिज व्हरांड्यात असतो तो कडी लावून बंद करा, बबूनला साधा दरवाजा सहज उघडता येतो. आणि त्यांना प्रेमाने काही देऊ नका, माणसाकडून खायची सवय लागलेला बबून शेवटी आक्रमक होतो आणि त्याला मारावं लागतं.

प्रत्यक्ष दिवस कसा घालवायचा

गेटच्या वेळा महिन्यानुसार बदलतात. जुलैत कॅम्पचं गेट सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद, डिसेंबरमध्ये पहाटे साडेचार ते संध्याकाळी साडेसहा. बंद म्हणजे बंद, उशीर केला तर दंड. सकाळी गेट उघडायच्या आधी पंधरा मिनिटं रांगेत असा, थर्मासमध्ये चहा भरून. पहिले दोन-तीन तास सोन्याचे. दहा-साडेदहाला परत, जेवण, झोप, तीनला पुन्हा बाहेर. दिवसभर सलग फिरलात तर तिसऱ्या दिवशी डोळे बघायचंच थांबवतात.

रस्त्यांना नंबर आहेत. एच म्हणजे मुख्य, एस म्हणजे आडरस्ता. स्कुकुझा-लोअर साबीचा एच४-१ नदीकाठाने जातो, बिबट्यासाठी तो. सताराजवळचा एस१०० सिंहांसाठी प्रसिद्ध, पहाटे गेटमधून निघून सरळ तिकडे जा. लोअर साबीच्या दारातच सनसेट डॅम आहे, संध्याकाळी गेट बंद व्हायला अर्धा तास असताना तिथं जाऊन इंजिन बंद करून बसा, पाणघोडे, मगरी, करकोचे सगळं गाडीतूनच. स्कुकुझाजवळ लेक पॅनिकला पक्षी बघायचं लपण आहे. कॅम्पच्या दुकानात नकाशाचं पुस्तक मिळतं ते घ्याच, कारण मोबाइलला रेंज कॅम्पच्या आसपासच.

गाईड नाही तर प्राणी दिसणार कसे, हा प्रश्न मलाही होता. ताडोबात आपण चितळाचा कॉल ऐकतो ना, इथं तेच काम इम्पाला करतात. कळपातले सगळे माना वर करून एकाच दिशेला बघत असतील आणि मधेच फुरफुरल्यासारखा आवाज करत असतील तर तिथं थांबा. झाडावर गिधाडं बसून खाली बघतायत म्हणजे खाली शिकार आहे. उभ्या गाड्या दिसल्या की हळू जाऊन काच खाली करून विचारा, तिथले लोक आनंदाने सांगतात, तुम्हीही सांगा. आणि काहीच नसेल तर पाणवठ्यावर अर्धा-पाऊण तास बसा. सताराजवळच्या एका पाणवठ्यावर आम्ही चाळीस मिनिटं रिकामं पाणी बघत बसलो होतो, मुलगा कंटाळला होता, तीन गाड्या येऊन निघून गेल्या, आणि मग अठ्ठावीस हत्ती आले. मोजले मुलानेच. त्यानंतर "इथं काही नाही, चला" हे त्याने पुन्हा म्हटलं नाही.

हत्तींचं मात्र गंभीरपणे घ्या. ५० मीटरच्या आत जाऊ नका, आई आणि पिल्लाच्या मध्ये गाडी कधीच नको, जवळ असताना इंजिन चालू ठेवा आणि मागे निघायला रस्ता मोकळा ठेवा. कानशिलातून पाणी ओघळत असेल, मागचे पाय ओले असतील, उग्र वास येत असेल तर तो माजावर आलेला नर आहे, तो रस्त्याने चालत आला तर तुम्ही रिव्हर्स घ्यायचा, लागला तर एक किलोमीटर. कान फडकवून मान झटकली की ती शेवटची सूचना.

गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून धड बाहेर काढायचं नाही, ड्रोन नाही. उतरता येतं फक्त कॅम्प, पिकनिक स्पॉट आणि बोर्ड लावलेल्या जागी, म्हणून टॉयलेटचा हिशोब नकाशावर आधीच करा, ज्येष्ठ आणि मुलं असतील तर विशेष. आणि गेंडा दिसला तर फोटो लोकेशनसकट त्याच दिवशी टाकू नका. शिंगांसाठी होणाऱ्या शिकारीमुळे क्रूगरमधले गेंडे फार कमी झालेत, तुमच्या पोस्टवरून जागा कळू शकते. हे मी हात जोडून सांगते.

रात्री स्वतःची गाडी नेता येत नाही, पण पार्कची उघडी गाडी रेंजर घेऊन जातो, संध्याकाळची किंवा रात्रीची ड्राइव्ह एकदा तरी करा, तरस आणि मांजरासारखा दिसणारा जेनेट तेव्हा जास्त दिसतात. सकाळचा वॉकही असतो, दोन बंदूकधारी रेंजर आणि जास्तीत जास्त आठ माणसं, वय किमान १२ लागतं, त्यामुळे मुलगा आणि आजोबा कॅम्पवर थांबले आणि आम्ही दोघं गेलो. पायी चालताना जंगल वेगळंच वाटतं, पुसट ठसे, विष्ठा, मुंग्यांची वारुळं, आणि स्वतःच्या पावलांचा आवाजही मोठा वाटतो. आधी बुक करा, जागा उरत नाहीत.

सामानातलं थोडं

दुर्बीण माणशी एक, ८ बाय ४२ पुरते. लेन्स खिडकीवर टेकवायला बीन बॅग लागते, आम्ही कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून वापरले आणि शेवटच्या रात्री त्यातलीच खिचडी केली. प्लगचं एक सोपं आहे, तिथली मोठी तीन पिनांची जागा म्हणजे आपल्या गीझर-एसीची १५-१६ अँपिअरची पिन, घरून तसा प्लग लावलेला एक्स्टेंशन बोर्ड न्या, अ‍ॅडॉप्टर शोधत बसावं लागत नाही. सिम एअरपोर्टवर पासपोर्ट दाखवून मिळतं.

निघताना

चेकआउट सकाळी १० ला, पण पहाटेची फेरी मारून मग बॅगा भरा. आत येताना दिलेलं परमिट आणि पेमेंटच्या पावत्या शेवटपर्यंत जपून ठेवा, बाहेरच्या गेटवर दाखवाव्या लागतात आणि कधी डिकीही उघडून बघतात. ओलिफंट्सहून फालाबोर्वा गेट जवळ, तिथून ब्लाइड रिव्हर कॅन्यनच्या बाजूने उतरलात तर एक रात्र त्या डोंगरात राहा आणि दुसऱ्या दिवशी जोहान्सबर्ग गाठा. परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका, शेवटच्या सकाळी फाट्यावर रानकुत्र्यांची टोळी दिसली तर घड्याळ बघायची वेळ येऊ नये.